अनुभवाचा रकाना कुठे आहे, सर?

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, त्यानंतरच्या आठवड्यात एक मुलगी आणि तिची आई माझ्याकडे आल्या. साल २०२४. मी बरीच वर्षं फार्मसी कॉलेजात शिकवलं, आता पिंपरीत घरीच असतो. जून-जुलै आला की ओळखीच्यांच्या ओळखीची माणसं मुलांचे निकाल घेऊन येतात. चहा होतो, पर्सेंटाइल ऐकून घेतो, दोन-चार गोष्टी सांगतो. बहुतेकांचं काम वीस मिनिटांत आटोपतं. या मुलीचं काही महिने चाललं, आणि त्यातला सुरुवातीचा घोळ माझाच होता. म्हणून हे लिहून ठेवतोय. तिला विचारून, पण नाव न सांगता.

मुलगी १९ वर्षांची. बारावीला पीसीबी, ७१ टक्के. नीट दोनदा दिलेली, सीईटीत ८६ पर्सेंटाइल. वडील भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, आई घरी शिवणकाम करते. आजोबा एचए कंपनीत पॅकिंगला होते. एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पिंपरीत उभा राहिलेला सरकारी पेनिसिलीनचा कारखाना. त्या पिढीतल्या पिंपरीकराच्या घरी 'कंपनी' म्हटलं की हीच. आजोबा आता नाहीत, आजी आहे. आजी पुढे येणार आहे या गोष्टीत.

मुलीच्या हातात वही होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, मेडिकलमध्ये काम केल्याचा मला काहीच अनुभव नाही. अर्जात त्या रकान्यात काय लिहायचं?"

मी हसलो. असा रकाना नसतो, म्हणालो. महाराष्ट्रात बी. फार्म.चा, म्हणजे फार्मसीच्या पदवीचा, प्रवेश सीईटीच्या गुणांवर, डी. फार्म.चा, म्हणजे पदविकेचा, बारावीच्या गुणांवर. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेच्या, अर्जात नाव, प्रवर्ग, दहावी-बारावीचे गुण, सीईटीचा नंबर, डोमिसाइल हे सगळं विचारतात. तू कुणाच्या दुकानात उभी होतीस का, हे कुणी विचारत नाही. ना निबंध, ना मुलाखत, ना शिफारसपत्र. भौतिक आणि रसायन हे विषय हवेत, सोबत जीवशास्त्र किंवा गणित, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०. झालं. निर्धास्त जा.

ती निर्धास्त झाली नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि गप्प बसली. मी मात्र सुटलो असं समजून दुसऱ्या पालकांकडे वळलो.

प्रश्न आला कुठून

आठवड्याने आई एकटीच आली. तिने पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. एका मेडिकल दुकानाचं लेटरहेड, खाली शिक्का आणि सही. मजकूर एवढाच, की सदर मुलीने आमच्या दुकानात सहा महिने औषधविक्रीचं काम समाधानकारक केलं. तारखा बघितल्या तर ते सहा महिने मुलगी आकुर्डीत नीटच्या क्लासला बसत होती.

"ओळखीचे आहेत, लगेच दिलं," आई म्हणाली. "जोडून तर ठेवू. नसलं तर तोटा, असलं तर काय बिघडतं?"

बिघडतं बरंच काही. एक तर हा कागद जोडायला जागाच नाही. दुसरं, तो खोटा. तिसरं त्या दुकानदाराच्या डोक्यातही आलं नसावं. फार्मसी कायदा १९४८ चा, त्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची. मग बारावी पास मुलीने सहा महिने 'औषधविक्रीचं काम' केलं असं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देणारा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा शिक्का मारून वाटतोय. मी आईला म्हटलं, हा कागद फाडा आणि त्यांनाही सांगा की असलं पुन्हा कुणाला देऊ नका.

आई ओशाळली. मग खरं कारण निघालं. मुलीची आतेबहीण न्यू जर्सीत वाढलेली. ती तिथे फार्मसीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती आणि रोज रात्री दोघींचं बोलणं व्हायचं. तिकडचा अर्ज फार्मकॅस नावाच्या एकाच सामाईक व्यवस्थेतून जातो आणि त्यात अनुभवाचा वेगळा विभाग असतो: कुठे काम केलं, कुठे सेवा केली, किती तास. शिवाय शिफारसपत्रं आणि स्वतःबद्दलचा निबंध. पूर्वी पीकॅट नावाची प्रवेशपरीक्षा होती, ती जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली, त्यामुळे या बाकीच्या गोष्टींचं वजन आणखी वाढलेलं. आतेबहिणीलाही फार्मसीतला अनुभव नव्हता. तिने सुट्टीत एका किराणा दुकानात काम केलेलं, आणि ते लिहू की नको याच काळजीत ती होती. तिची काळजी फोनवरून पिंपरीत येऊन पोचली होती.

गंमत अशी की तिकडेही बहुतेक कॉलेजं फार्मसीतला अनुभव सक्तीचा करत नाहीत. असेल तर बरं, एवढंच. पण तिथे तो मिळवायला एक रीतसर वाट आहे. फार्मसी टेक्निशियन नावाची नोकरी असते. त्या त्या राज्याच्या नियमाप्रमाणे नाव नोंदवायचं आणि फार्मासिस्टच्या देखरेखीखाली काम करायचं. शाळा संपवलेली मुलंही ते करतात. आपल्याकडे कायद्याच्या नजरेत अशी मधली पायरीच नाही. काउंटरमागे एकतर फार्मासिस्ट असतो, नाहीतर फार्मासिस्ट नसलेला. या दुसऱ्या प्रकारची माणसं आपल्या दुकानांत किती आहेत आणि भिंतीवर टांगलेल्या सर्टिफिकेटाचा मालक त्या वेळी कुठे असतो, हे पुणेकरांना मी सांगायला नको.

म्हणजे आतेबहिणीला विचारलेला प्रश्न या मुलीला जसाच्या तसा लागूच होत नव्हता. तिकडे दार उघडायच्या आधी विचारतात, इकडे आत घेतल्यावर कामाला लावतात. डी. फार्म. दोन वर्षांचं, त्यानंतर ५०० तासांचं प्रशिक्षण, किमान तीन महिन्यांत पसरलेलं. बी. फार्म. चार वर्षांचं, त्यात सहाव्या सत्रानंतर १५० तास कारखान्यात किंवा रुग्णालयात. फार्म. डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, सहा वर्षांचं, त्यातलं शेवटचं पूर्ण वर्ष रुग्णालयात. चार वर्षं शिकणाऱ्यापेक्षा दोन वर्षं शिकणारा काउंटरजवळ तिपटीहून जास्त उभा राहतो, ही विसंगती मला शिकवायला लागल्यापासून खटकते. पण तो वेगळा विषय.

आई जाताना म्हणाली, "सर, ती म्हणते, सरांनी अर्जाचं सांगितलं, माझं नाही सांगितलं."

हे वाक्य मला रात्री झोपताना आठवलं. खरंच होतं. मुलीने रकान्याबद्दल विचारलं आणि मी रकान्याचंच उत्तर दिलं. तिच्या वहीत त्या दिवशी काय लिहिलं होतं ते तिने पुढे दाखवलं: 'अनुभव लागत नाही. मग मला हे आवडेल की नाही हे कुणाला माहीत?'

चार वाटा

तिला परत बोलावलं. यावेळी चहा आधी, पर्सेंटाइल नंतर.

तिच्यापुढे चार वाटा होत्या आणि त्यातली एकही तिने फार्मसी आवडते म्हणून मांडलेली नव्हती. पहिली, तिसऱ्यांदा नीट. २०२४ च्या नीटचा गोंधळ वाचकांना आठवत असेल. २३ लाखांहून जास्त मुलांनी परीक्षा दिली, ४ जूनला निकाल लागला, ७२० पैकी ७२० वाल्यांची रांग लागली, पेपरफुटीचे आरोप झाले. या मुलीचे गुण आदल्या वर्षीपेक्षा वाढले होते आणि तरी क्रमांक घसरला होता. जुलैत सगळ्यांचे डोळे सर्वोच्च न्यायालयाकडे लागलेले. फेरपरीक्षा झाली तर? त्या 'तर'वर तिचं घर महिनाभर लटकलेलं होतं. २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली आणि ही वाट मिटली. तिसरं वर्ष घालायला वडील तयार नव्हते, आणि खरं तर तीही नव्हती.

दुसरी वाट फार्म. डी. ती तिला सगळ्यात आवडलेली. का, तर 'नावापुढे डॉक्टर लागतं'. हे तिने जरा लाजतच सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. दोन वर्षं घराने तिला 'आमची डॉक्टरीण' म्हणून हाक मारलेली, ती हाक सोडवत नाही.

तिसरी बी. फार्म. चौथी डी. फार्म., म्हणजे मामांचा सल्ला. दोन वर्षांत मोकळी, दुकान टाकता येतं, पुढे वाटलं तर बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. मामांचं गणित चुकीचं नव्हतं, फक्त जुनं होतं. डी. फार्म. झाल्यावर नोंदणीआधी एक्झिट परीक्षा द्यायची असा नियम फार्मसी कौन्सिलने २०२२ मध्ये काढला. आणि दोन अधिक तीन मिळून पाच वर्षं होतात, चार नव्हे.

आईने मध्येच विचारलं, बी. फार्म. केलं तर पुढे अमेरिकेला जाता येईल ना, आतेबहिणीसारखं? तिथे फार्मासिस्ट म्हणून परवाना हवा असेल तर परदेशी पदवीधरांना आधी एक समकक्षतेची परीक्षा द्यावी लागते, आणि २००३ पासून पदवी मिळवलेल्यांसाठी किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट आहे. आपली चार वर्षांची बी. फार्म. त्यात बसत नाही, सहा वर्षांची फार्म. डी. बसते. हे ऐकून आईचं माप फार्म. डी.कडे झुकलं. वडिलांचं पैशामुळे दुसरीकडे. मुलगी दोघांकडे बघत होती.

मी म्हटलं, बारा दिवस दे मला. अर्जासाठी नाही. तुझ्यासाठी.

वेळ होता. इंजिनिअरिंगच्या याद्या लागल्या, वर्गही सुरू झाले, तरी फार्मसीच्या कॉलेजांच्या मान्यतांचा घोळ मिटत नव्हता आणि आमच्या फेऱ्या लांबत चालल्या होत्या. एरवी याला मी शिव्या घातल्या असत्या.

बारा दिवस, फळीच्या आत

माझा एक जुना विद्यार्थी चिंचवडमध्ये दुकान चालवतो. आता त्याचेही केस पिकलेत, गिऱ्हाइकं त्याला काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच म्हणू. तो स्वतः दिवसभर दुकानात असतो, हे मुद्दाम सांगण्यासारखं. मी त्याला विचारलं तर आधी नाही म्हणाला. "सर, उद्या इन्स्पेक्टर आला आणि पोरीच्या हातात स्ट्रिप दिसली तर?" बरोबर होतं. मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं की ती औषध कुणाला देणार नाही, गिऱ्हाइकाला काही सांगणार नाही, पैसे घेणार नाही. मागच्या रॅकमध्ये काम, आणि कान उघडे. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. सकाळी नऊ ते एक.

पहिले तीन दिवस तिने फक्त एक्सपायरी तपासली. एकेक खण, एकेक पाकीट, तीन महिन्यांच्या आत संपणारं वेगळं, संपलेलं वेगळ्या खोक्यात, ते स्टॉकिस्टकडे परत जाणार. तिसऱ्या दिवशी तिने काकाला विचारलं की आपण गिऱ्हाइकाला पाच गोळ्या कापून देतो तेव्हा तारीख छापलेला तुकडा कधी आपल्याकडे राहतो, कधी त्याच्याकडे जातो. ज्याच्याकडे तारीख नाही त्याने काय करायचं? काकाने मला संध्याकाळी फोन केला. "सर, तीस वर्षांत हे मला कुणी गिऱ्हाइकाने विचारलं नाही." तेव्हापासून तो तारखेच्या विरुद्ध बाजूने कापायला लागला आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर पेनाने महिना-वर्ष लिहायला लागला.

मग बिलं. स्टॉकिस्टचा माल आला की बिलाशी बॅच नंबर, तारीख, किंमत जुळवायची. शॉर्ट बुकात संपत आलेल्या औषधांची नावं उतरवायची. इन्सुलिन आलं की बाकी सगळं सोडून आधी फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश. फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं. ज्या औषधांवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो त्यांचं रजिस्टर वेगळं. ही शेड्यूल एच-१ ची औषधं, मार्च २०१४ पासून लागू झालेली यादी. टीबीची औषधं, काही जबर अँटिबायोटिक्स, झोपेच्या आणि वेदनेच्या काही गोळ्या. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तिच्या वहीत यावर एकच ओळ आहे: 'दुकानात एवढं लिहावं लागतं हे माहीत नव्हतं.'

त्या पावसाळ्यात पुण्यात डेंगी, चिकुनगुनिया जोरात होते, एरंडवण्यात झिकाचे रुग्ण निघालेले. त्यामुळे काउंटरवर तापाचीच गर्दी. सहाव्या दिवशीचा प्रसंग तिने सविस्तर लिहिलाय. एक कामगार आला, तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं. म्हणाला, कडक पेनकिलर द्या, उद्या ड्यूटी आहे. काकाने विचारलं, काय काय घेतलंय? खिशातून दोन पाकिटं निघाली. एक तापाची गोळी, एक सर्दीची. दोन्हींत पॅरासिटामॉल. तो दोन्ही दिवसातून चार-चारदा घेत होता. काकाने दोन्ही पाकिटं उलटी करून त्याला कंटेंट दाखवला, एक बंद करायला सांगितली, पेनकिलर दिलीच नाही. डेंगी असेल तर त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आधी रक्त तपासून डॉक्टरला दाखव, म्हणाला. माणूस चिडून गेला आणि समोरच्या दुकानात शिरला.

"काका, त्याला तिथे मिळेल?" तिने विचारलं.

"मिळेल."

"मग आपण काय केलं?"

काका काही बोलला नाही. मला तिने हाच प्रश्न पुन्हा विचारला आणि मीही नीट उत्तर देऊ शकलो नाही.

आठव्या दिवशी एक बाई ओआरएसची पुडी घ्यायला आल्या. एका ग्लासात टाकली तर चालेल ना, विचारलं. काका म्हणाला, लिटरभर पाण्यात, एकदमच. मूल लहान आहे, एवढं पाणी कुठे पिणार, अर्धी पुडी अर्ध्या लिटरला करू का? नको, अर्धी पुडी अंदाजाने होते, अंदाज चुकला की मीठ जास्त. सगळं लिटरभर करून ठेवा, चमच्याचमच्याने पाजा, २४ तासांनी उरलेलं टाका. संभाषण मिनिटाचं. तिच्या वहीत पान भरलेलं.

आणि दहाव्या दिवशी ती गोष्ट झाली जिने मला वाटतं तिची वाट ठरवली. एका मुलाने वडिलांसाठी पँटोप्राझोल घेतलं आणि विचारलं, गिळता येत नाही, कुटून देऊ का? काका म्हणाला, अजिबात नको, दुसरं लिहून आणा. ही काकाच्या मागे लागली, का नको? काकाला दुकानात गर्दी. "सरांना विचार."

संध्याकाळी दारात उभी. मी सांगितलं की हे औषध आम्लात टिकत नाही. गोळीवर जो लेप असतो तो पोटातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात विरघळतो. गोळी कुटली की लेप फुटला, औषध पोटातच वाया. तसंच हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांचं, त्या तोडल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जाऊ शकतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आतलं औषध एक, आणि ते कुठे सुटायचं हे बाहेरचं कवच ठरवतं. हे कवच कोण बनवतं, सर?"

मी म्हटलं, बी. फार्म. झालेली माणसं. आणि आजोबांच्या कंपनीचं सांगितलं. पिंपरीच्या त्या कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीवरचं एक औषध शोधलं गेलं. त्याचं नावच हॅमायसिन, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सवरून. आजोबा ज्या कंपनीत पॅकिंग करायचे तिथे औषधं नुसती भरली जात नव्हती, शोधलीही जात होती. हे तिला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

या दिवसांतून काय निघालं, काय नाही

आधी काय नाही ते सांगतो. तिच्या पर्सेंटाइलमध्ये शतांशानेही फरक पडला नाही. गुणवत्ता यादीत ती जिथे असायची तिथेच राहिली. माझ्याकडे पूर्वी एक मुलगा होता, कळत्या वयापासून काउंटरवर वाढलेला. शेकडो ब्रँडची नावं तोंडपाठ, चिठ्ठीवरचं कोणाचंही अक्षर वाचायचा. प्रवेशात त्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उलट पहिल्या वर्षी अडचणच झाली. ब्रँड सांगायचा, कंटेंट विचारला की अडायचा, आणि 'दोन दिवस अँटिबायोटिक घ्या, बरं वाटलं की थांबवा' हे गिऱ्हाइकांना सांगून त्याच्या जिभेवर इतकं बसलेलं की परीक्षेतही त्याने तेच लिहिलं. प्रॅक्टिकलला मात्र त्याचा हात कुणी धरत नसे. अनुभव नसणं हा कच्चेपणा असेल, पण कधीकधी चुकीचं पक्कं झालेलं नसणं ही पाटी कोरी असल्याची सोय असते.

आता काय निघालं. काउंटरवरची घासाघीस तिला मुळीच आवडली नाही. डिस्काउंट किती, समोर वीस टक्के देतात, या वाक्यांची तिने वहीत मोजणी ठेवली होती आणि चौथ्या दिवशी सोडून दिली. म्हणजे मामांची दुकानाची वाट बाद. रुग्णाशी बोलणं आवडलं, पण फार्म. डी.साठी सहा वर्षं घालवायची तर त्यासाठी 'डॉक्टर' या शब्दापलीकडे ओढ हवी, आणि ती नाही, हे तिने स्वतःच सांगितलं. ते सांगताना ती रडली. दोन वर्षांची हाक सुटत होती, रडणारच. मी मध्ये काही बोललो नाही. राहिली बी. फार्म., आणि तिच्या डोक्यात ते कवच.

आईला हे पटायला वेळ लागला. अमेरिकेची खिडकी बंद होते म्हणून. मी एवढंच म्हटलं की २३ व्या वर्षी कुठे जायचं ते तिला २३ व्या वर्षी ठरवू द्या.

फॉर्म आणि पैसे

इथे मी आटोपतं घेतो, कारण नियम दरवर्षी बदलतात आणि वाचकाने त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाचावं. पण पैशाचा एक मुद्दा या प्रकरणात निर्णायक ठरला. मधल्या काळात आईने एका कॉलेजात संस्थास्तरावरच्या जागेची चौकशी केली होती. लगेच प्रवेश, फेऱ्यांची वाट बघायला नको. त्याच जुलैत, ८ तारखेला, राज्य सरकारचा निर्णय निघाला. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, २०२४-२५ पासून. घर ओबीसी, उत्पन्न मर्यादेच्या बरंच आत. पण सवलत फक्त कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांना. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. आईने टोकन भरायचं ठरवलेलं, वडिलांनी आदल्या रात्री मला फोन केला म्हणून थांबलं.

वडील माझ्याशी त्या एकदाच बोलले. "सर, खरंच माफ होतं का, की कागदावरच?" मी म्हटलं, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आजच काढायला टाका, जातपडताळणीची पावती जपा, आणि इतर फी, बस, जेवण याचे पैसे बाजूला ठेवा, ते माफ नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाफ-डे टाकून सेतू केंद्र गाठलं.

पर्यायांची यादी तिने स्वतः लावली. ८६ पर्सेंटाइलला गावातली जुनी कॉलेजं मिळणार नाहीत हे दिसत होतं, तरी ती वर ठेवलीच. वरचं न मिळाल्याने खालचं जात नाही. फक्त एक सांगितलं, पहिल्या नंबरवर तेच लिही जे मिळालं तर तू नक्की घेशील, कारण पहिला पर्याय लागला की तो आपोआप पक्का. घराजवळचं एक कॉलेज तिने तिसऱ्यावरून सातव्यावर ढकललं. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे जाऊन आले, गोळ्या बनवायचं मशीन प्लास्टिकच्या कव्हरात होतं आणि कव्हरवर धूळ होती. हे निरीक्षण बारा दिवसांपूर्वी तिने केलं नसतं, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

प्रवेश दुसऱ्या फेरीत झाला, शहराच्या कडेच्या एका कॉलेजात, दोन बस बदलून. वर्ग रीतसर सुरू व्हायला दिवाळी उलटली.

आतेबहिणीचा अर्जही गेला. तिने शेवटी किराणा दुकानाचंच लिहिलं: एक म्हातारे गृहस्थ दर आठवड्याला येऊन डब्यावरचं मिठाचं प्रमाण वाचून दाखवायला सांगायचे, त्यावर. हे सुचवलं पिंपरीहून.

संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ द्यायला गेलो. मुलीने नुकतंच प्रॅक्टिकलला साधं सिरप बनवलं होतं. साखर ६६.७ टक्के, एवढी साखर कशाला, तर एवढ्यात जंतू वाढत नाहीत, हे ती आईला सांगत होती आणि आई पाकाच्या तारेशी त्याचं नातं लावत होती. आजी कोपऱ्यात पाय पसरून बसलेली. मला बघितल्यावर म्हणाली, "सर, तुमच्यावर राग आहे माझा."

कारण ऐका. दुकानातल्या अकराव्या दिवशी एका बाईंना काकाने सांगितलं होतं की थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. मुलगी घरी येऊन बघते तर आजी दोन्ही गोळ्या सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर एकदम घेत होती. किती वर्षं, ते आजीलाही सांगता येईना. मुलीने स्वतः काही बदललं नाही, काकाला फोन केला. काका म्हणाला, डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांना हे असंच सांग. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली आणि दोन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं.

"आता पहाटे उठून नुसतं पाणी," आजी म्हणाली. "आणि चहा तासाने. चाळीस वर्षं यांची पहिली पाळी होती, साडेपाचला माझा चहा झालेला असायचा. पोरीला फार्मसीला घातलं आणि माझा चहा गेला."

"गेला नाही आजी," मुलगी आतून ओरडली, "सरकला."